‘सावकारी पाश’ ते ‘मंकी आयलंड’: जुन्या साहसखेळांचे रिमास्टर करावे का?

१/
१९२५ साली कोल्हापुरात ‘सावकारी पाश’ नावाचा मूकपट तयार झाला. भारतीय वास्तववादी चित्रपटाचा आरंभ सांगताना इतिहासकार त्याचे नाव घेतात. आज मात्र तो पाहता येत नाही, कारण त्याची एकही प्रत उरलेली नाही. अकरा वर्षांनी, १९३६ साली, त्याच दिग्दर्शकाने तीच कथा ध्वनीसह पुन्हा पडद्यावर आणली.

२/
नव्या तंत्राने जुनी कृती पुन्हा घडवली, तर जुनी कृती वाचते का? हाच प्रश्न आज संगणकीय खेळांविषयी, त्यातही ‘पॉइंट-अँड-क्लिक’ साहसखेळांविषयी विचारला जातो. हे खेळ नव्या चित्रांसह, नव्या आवाजांसह बाजारात परत येत आहेत. हा धागा त्या रिमास्टरांचा आहे. मात्र या वादातील एक महत्त्वाची साक्ष कोल्हापूरची असल्याने सुरुवात राजारामपुरीतून.

३/
छत्रपती राजाराम महाराजांचे नाव धारण करणारी राजारामपुरी तिच्या क्रमांकांच्या गल्ल्यांसाठी ओळखली जाते. नव्वदचे दशक संपता संपता येथे संगणकाचे क्लास, सुटे भाग जोडून संगणक विकणारी दुकाने आणि इंटरनेट कॅफे दिसू लागले. येथून विद्यापीठाकडे जाताना सायबर चौक लागतो. परगावच्या माणसाला हे नाव संगणकयुगाची देणगी वाटते. प्रत्यक्षात ते जवळच्या शिक्षणसंस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून पडले आहे.

४/
त्या पिढीतील मुलांच्या हाती साहसखेळ आले ते बहुधा क्लासमधल्या संगणकावर, मित्राने दिलेल्या फ्लॉपीतून किंवा मार्करने नाव लिहिलेल्या सीडीतून. खोक्यातला अस्सल खेळ, त्याची पुस्तिका, त्यासोबतचा नकाशा हे फार थोड्यांनी पाहिले. कित्येकांना खेळ कोणी केला, कोणत्या साली केला, हेही ठाऊक नसे. खेळ मात्र चांगलाच ठाऊक असे.

५/
या प्रकाराला वळण दिले ते १९८७ च्या ‘मॅनियाक मॅन्शन’ने. रॉन गिल्बर्ट आणि गॅरी विनिक यांनी तो लुकासफिल्म गेम्ससाठी रचला. तोवर बहुतेक साहसखेळांत आज्ञा टंकाव्या लागत आणि नेमका शब्द न सुचल्यास खेळ अडून बसे. येथे पडद्याच्या खालच्या भागात क्रियापदेच मांडून ठेवली होती: उघड, उचल, ढकल, ओढ, दे. आधी क्रियापदावर टिचकी, मग वस्तूवर टिचकी, की आज्ञा पूर्ण. इंग्रजी बेताचे असलेल्या खेळाडूलाही हे व्याकरण तासाभरात कळे.

६/
या खेळांत चपळाईचे काम नसते. बंद दार, हरवलेली किल्ली, हट्टी पहारेकरी यांतून वाट काढायची, ती विचाराने. उत्तर सुचायला कधी पाच मिनिटे लागत, कधी पाच दिवस. एका संगणकाभोवती चौघे बसून तर्क लढवीत. म्हणूनच या खेळांच्या आठवणी बहुधा एकट्याच्या नसतात.

७/
पुढे अडचण आली यंत्राची. हे खेळ ‘डॉस’ या प्रणालीसाठी लिहिलेले होते. २००१ मध्ये विंडोज एक्सपी आली, घरगुती संगणक डॉसच्या पायावरून हलले आणि जुने खेळ एक तर सुरू होईनात, नाही तर मुके झाले. खेळ होता तसाच होता. त्याच्याखालची जमीन सरकली होती. चित्र भिंतीवर टांगले की दिसते, पुस्तक उघडले की वाचता येते. खेळाला मात्र चालवणारे यंत्र लागते.

८/
यावर दोन उपाय निघाले. पहिला हौशी अभ्यासकांचा. २००१ मध्येच ‘स्कमव्हीएम’ हा मुक्त प्रकल्प सुरू झाला. तो खेळाच्या मूळ फाइलींना हात लावत नाही. त्या फाइली वाचणारी यंत्रणा तेवढी नव्या संगणकांसाठी पुन्हा लिहितो. हे काम पोथी न बदलता ती वाचणारा तयार करण्यासारखे आहे. लुकासफिल्मचे जुने खेळ आज चालतात, त्यात या प्रकल्पाचा वाटा फार मोठा आहे.

९/
दुसरा उपाय कंपन्यांचा: रिमास्टर. म्हणजे चित्रे नव्याने रंगवायची, संगीत नव्याने वाजवायचे, संवादांना आवाज द्यायचा. कल्पना जुनीच आहे. सिएरा कंपनीने आपला १९८४ चा ‘किंग्ज क्वेस्ट’ १९९० मध्ये नव्या चित्रांसह पुन्हा काढला. जेमतेम सहा वर्षांत एक खेळ ‘जुना’ ठरला होता. तंत्राच्या वेगाने एखाद्या कलेचे वय किती झपाट्याने वाढते, ते यावरून दिसते.

१०/
या वादातील सर्वांत बोलके उदाहरण ‘द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड’चे. समुद्री चाचा होऊ पाहणाऱ्या गायब्रश थ्रीपवूडची ही १९९० मधली कथा. तिची विशेष आवृत्ती २००९ मध्ये आली. नवी चित्रे, पात्रांना आवाज, आणि त्यासोबत एक साधी सोय: एफ-१० ही कळ दाबली की चालू प्रसंगातच नवा पडदा जाऊन १९९० चा पडदा समोर येतो. पुन्हा दाबली की परत नवा.

११/
ही कळ इतिहासाच्या विद्यार्थ्याला फार काही शिकवते. जुन्या पडद्यावर आडवे ३२० आणि उभे २०० ठिपके. पहिल्या आवृत्तीत रंग अवघे १६. तेवढ्यात चंद्रप्रकाश, धुके, जुनाट लाकूड दाखवायचे होते. त्याच वर्षीच्या ‘लूम’ या खेळात चित्रकार मार्क फेरारी यांनी दोन रंगांचे ठिपके एकाआड एक मांडून तिसऱ्या रंगाचा भास निर्माण केला. ते ठिपके म्हणजे उणीव नव्हे, कसब होते. नव्या गुळगुळीत चित्रात हे कसब दिसेनासे होते. शेजारी जुने चित्र असले, तरच ते कळते.

१२/
काही गोष्टी मात्र कळ दाबूनही परत येत नाहीत. ‘मंकी आयलंड’च्या पहिल्या आवृत्तीत जंगलातल्या एका बुंध्यात डोकवायला गेले, की खेळ २२ क्रमांकाची फ्लॉपी घालायला सांगे, मग ३६, मग ११४. इतक्या फ्लॉप्या नव्हत्याच. ती थट्टा होती. अनेक ग्राहकांनी ती खरी मानून मदतकेंद्राला फोन केले आणि पुढे सीडीच्या आवृत्तीतून ती वगळली गेली. दर थोड्या वेळाने फ्लॉपी बदलण्याचा वैताग ज्यांनी सोसला, त्यांनाच या थट्टेतली गंमत कळते.

१३/
तीच गोष्ट खेळासोबत मिळणाऱ्या पुठ्ठ्याच्या चकतीची. चकती फिरवून चाच्याचे तोंड जुळवायचे आणि खिडकीत दिसणारे साल पडद्यावर भरायचे. नाही तर खेळ पुढे जात नसे. नकला रोखण्याचा तो उपाय होता. रिमास्टरला त्याची गरज नाही, आणि ते योग्यच आहे. तरीही १९९० साली हा खेळ ‘खेळणे’ म्हणजे काय होते, हे सांगायचे तर ती चकतीही इतिहासाचे साधन ठरते.

१४/
याच खेळातील तलवारबाजी कोल्हापूरकराला फारशी परकी वाटू नये. येथे द्वंद्व तलवारीने जिंकले जात नाही. प्रतिस्पर्ध्याच्या टोमण्याला चपखल उत्तर देईल तो जिंकतो. शेवटच्या गुरूशी सामना होतो तेव्हा टोमणे नवे असतात आणि जुनीच उत्तरे त्यांना नव्याने लावावी लागतात. कलगी-तुऱ्याच्या फडातले सवाल-जवाब ज्याने ऐकले आहेत, त्याला या लढतीची रीत समजावून सांगावी लागत नाही. असे मर्म चित्रे बदलली तरी टिकते. रिमास्टरच्या बाजूने हा भक्कम मुद्दा आहे: गाभा लेखनात असेल, तर नवा साज त्याला नव्या पिढीपर्यंत नेऊ शकतो.

१५/
रिमास्टरचा दुसरा लाभ दप्तरखान्याचा. ‘ग्रिम फँडँगो’ हा टिम शेफर यांचा १९९८ चा खेळ २०१५ मध्ये पुन्हा आला. त्यासाठी जुन्या फाइलींचा शोध घ्यावा लागला. त्या कालबाह्य टेपांवर होत्या, आणि टेप वाचणारी यंत्रेही शोधावी लागली. संगीत मेलबर्न सिम्फनी ऑर्केस्ट्राकडून नव्याने वाजवून घेतले गेले. खेळता खेळता निर्मात्यांचे निवेदन ऐकण्याची सोयही त्यात आहे. रिमास्टरचा व्यवहार ठरला नसता, तर त्या टेपा उघडायला कोण गेले असते?

१६/
आता दुसरी बाजू. ‘ब्लेड रनर’ हा वेस्टवूड स्टुडिओजचा १९९७ चा साहसखेळ. त्याची मूळ संगणकीय संहिताच हरवली. २०१९ मध्ये स्कमव्हीएमच्या कार्यकर्त्यांनी अनेक वर्षांच्या उलट्या बांधणीनंतर तो पुन्हा चालता केला. २०२२ मध्ये नाइटडाइव्ह स्टुडिओजची ‘सुधारित आवृत्ती’ आली, आणि ती मूळ खेळाहून वाईट दिसते अशी टीका झाली. त्याहून मोठा संताप दुसऱ्याच गोष्टीचा होता: जीओजी या दुकानावरून मूळ खेळाची स्वतंत्र विक्री बंद झाली होती. ग्राहकांच्या नाराजीनंतर ती पुन्हा सुरू झाली.

१७/
येथे कोल्हापूरची साक्ष कामी येते. बाबुराव पेंटर मुळात नाटकांचे पडदे रंगवणारे चित्रकार. त्यांनी आणि त्यांचे बंधू आनंदराव यांनी स्वतःचा कॅमेरा घडवण्याचा ध्यास घेतला. १९१६ मध्ये आनंदराव गेले. बाबुरावांनी १९१८ मध्ये कॅमेरा पुरा केला. महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ १९२० मध्ये प्रदर्शित झाला. पुढे ‘प्रभात’ स्थापन करणारे शांताराम, दामले, फत्तेलाल हे सारे याच कंपनीत घडले.

१८/
१९२५ च्या ‘सावकारी पाश’मध्ये सावकाराच्या कचाट्यात जमीन गमावून शहरातल्या गिरणीकडे जाणारा शेतकरी होता. ती भूमिका तरुण शांतारामांनी केली होती. पौराणिक कथांच्या त्या काळात हे धाडसच होते. १९३६ मध्ये बाबुरावांनी शालिनी सिनेटोनसाठी हीच कथा बोलपट म्हणून केली, तोवर शांताराम पुण्यात ‘प्रभात’चे दिग्दर्शक झाले होते. कथा तीच, दिग्दर्शक तोच. नट, तंत्र आणि काळ मात्र वेगळे.

१९/
म्हणजे येथे पुनर्निर्मिती परक्या कंपनीने केलेली नाही, मूळ कलावंतानेच केली. त्याहून अधिक अधिकार कोणाचा असणार? तरीही १९३६ चा चित्रपट १९२५ च्या चित्रपटाची जागा घेऊ शकला नाही. मूकपटात शब्दांविना दुःख कसे उभे केले होते, प्रकाश कसा वापरला होता, हे त्यावरून कळत नाही. ‘प्रभात’नेही आपला पहिला मूकपट ‘गोपाळकृष्ण’ (१९२९) १९३८ मध्ये बोलपट म्हणून पुन्हा केला. नवी कृती आपल्या जागी मोलाची असते. पण ती जुन्या कृतीची प्रत नव्हे.

२०/
मूकपट गेले कसे? ते नायट्रेट फिल्मवर होते. ही फिल्म चटकन पेट घेते आणि कालांतराने कुजते. बोलपट आल्यावर मूकपटांना बाजार उरला नाही. चांदी काढण्यासाठीही जुन्या फिल्म विकल्या गेल्या. फिल्म हेरिटेज फाउंडेशनच्या हिशेबानुसार भारतात तेराशेहून अधिक मूकपट निघाले. त्यांतले पूर्ण किंवा तुकड्यांत उरलेले तीसही नाहीत. जपून ठेवलेलेही सुरक्षित नसते: जानेवारी २००३ मध्ये पुण्यात नायट्रेट फिल्मच्या साठवणगृहाला आग लागली आणि त्यात ‘प्रभात’चा ठेवाही जळाला.

२१/
खेळांचे वय चित्रपटांहून कमी, तरी अवस्था फार वेगळी नाही. अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. २०१० पूर्वी अमेरिकेत निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आज कायदेशीररीत्या बाजारात मिळत नाहीत, असा तिचा निष्कर्ष. रिमास्टर होतात ते बहुधा गाजलेले खेळ. उरलेल्यांच्या वाट्याला ना नवा साज येतो, ना जुना.

२२/
८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह जळाले. राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेली ही वास्तू पुन्हा पूर्वीसारखीच व्हावी, ही मागणी लगोलग पुढे आली. वास्तूच्या बाबतीत पेच खरा आहे: एकाच जागी जुनी इमारत आणि नवी इमारत दोन्ही उभ्या राहू शकत नाहीत. फिल्मची प्रत काढता येते, पण त्याला खर्च येतो आणि झीजही होते. खेळाची प्रत काढली तर मूळ तसूभरही झिजत नाही. जुने आणि नवे एकाच तबकडीवर सुखाने नांदू शकतात. म्हणून खेळाच्या बाबतीत जुने नाहीसे करण्याला आगीचे निमित्त सांगता येत नाही. तो कोणीतरी घेतलेला निर्णय असतो.

२३/
रिमास्टरवर आणखी एक आक्षेप असतो: हा आठवणींचा व्यापार आहे; तेवढ्या पैशात नवा खेळ झाला असता. आक्षेपात तथ्य आहे. पण १९९० साली जन्मही न झालेल्या वाचकाला १६ रंगांच्या पडद्यासमोर एकदम बसवले, तर तो बहुधा दहा मिनिटांत उठेल. नवा पडदा त्याला आत बोलावतो, आणि एफ-१० ची कळ असेल तर तोच वाचक एखाद्या दिवशी कुतूहलाने जुना पडदाही उघडून पाहतो. इतिहासाची गोडी पुष्कळांना अशा आडवाटेनेच लागते.

२४/
तेव्हा रिमास्टर करावे का? करावे, मात्र मूळ खेळ त्याच खरेदीत, चालू स्थितीत आणि न बदलता मिळावा. काय बदलले, काय वगळले, याची नोंद असावी. मूळ चित्रे, संहिता, ध्वनिफिती एखाद्या संग्रहालयाच्या स्वाधीन व्हाव्यात. ‘मंकी आयलंड’च्या कळीने पहिली अट पाळली, म्हणून त्या आवृत्तीतली न आवडलेली चित्रेही कोणाचे नुकसान करत नाहीत. ‘ब्लेड रनर’च्या वेळी तीच अट काही काळ मोडली, म्हणून साधी वाईट आवृत्ती संतापाचे कारण ठरली.

२५/
मराठी वाचकाला आणखी एक अपेक्षा ठेवता येईल. हे खेळ शब्दांवर उभे आहेत, आणि त्यांतले गाजलेले शब्द मराठीत आलेले नाहीत. राजारामपुरीच्या क्लासमध्ये बसलेल्या मुलाने ‘ढकल’ आणि ‘ओढ’ यांचे इंग्रजी प्रतिशब्द कदाचित खेळातूनच पाठ केले असतील. विनोद मात्र त्याच्या हातून निसटला असेल. सवाल-जवाबाची परंपरा असलेल्या भाषेत ते टोमणे उतरवणे हे नव्या चित्रांहून मोठे पुनरुज्जीवन ठरेल.

२६/
तोवर करण्याजोगे काम घरातच आहे. घरी लिहिलेल्या सीडीवरचा रंगद्रव्याचा थर वर्षांनुवर्षे टिकत नाही. माळ्यावरच्या पेटीतली सीडी आज वाचता येईल, दहा वर्षांनी कदाचित येणार नाही. त्या नकला कायदेशीर नव्हत्या, हे मान्य करूनही कोल्हापूरच्या एका पिढीने संगणक कसा ओळखीचा करून घेतला, याचा पुरावा त्यांवरच्या मार्करच्या अक्षरांत आहे. कोणत्या गल्लीत कोणता कॅफे होता, तासाला किती पैसे पडत, कोणत्या कोड्यावर सगळे अडले, हे सांगणारी माणसे आज चाळिशीच्या आसपास आहेत. त्यांना विचारून लिहून ठेवायला कोणत्याही कंपनीची परवानगी लागत नाही.

(धागा समाप्त)